तेरखेड्याच्या ओढ्यातली खोड

कळंब,
१२ नोव्हेंबर १९५७

आयुबभाई यांस,

महांतप्पाचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही घ्या. हैदराबादेत दुकान बसलं का? इथं तुमच्या जुन्या दुकानात आता पिठाची गिरणी आली आहे. तिथनं जाताना ऑइलचा वास येत नाही म्हणून चुकल्यासारखं होतं.

आता गाडीबद्दल. दसऱ्याला तुम्ही निघताना तुमची ही जुनी विलायती फटफटी माझ्या गळ्यात बांधलीत, त्याला महिना झाला. मी गुरांना लसी टोचत फिरणारा माणूस. आठवड्यातले पाच दिवस फिरती. म्हणून आधी तिचे गुण सांगतो, नाहीतर म्हणाल महांतप्पा नुसता कुरकुरतो. गाडी देखणी आहे. काळी टाकी, तिच्यावर ती सोनेरी रेघ, रुंद हँडल. गावात शिरलो की पोरं सोडा, म्हातारी माणसंही उठून बघतात. वजनाला म्हशीसारखी, पण त्यामुळं फुफाट्यात हलत नाही. बसायच्या गादीला स्प्रिंगा असल्यानं तीस मैल झाले तरी कंबर बोलत नाही. चढाला घाई करत नाही, धप धप करत वर येते. आमची महानंदा म्हणते, तुम्ही येरमाळ्याच्या फाट्यावर असता तेव्हाच मी चहा ठेवते. हे खोटं आहे, बारा मैलांवरनं आवाज कुठला येतो! पण बायको कौतुक करते आहे तर करू दे.

आता खोडी. किक उलटी मारते. गेल्या सोमवारी पोटरीवर अशी मारली की मी तीन दिवस लंगडत बैल तपासले, आणि बैलवाले मलाच तपासत होते. खालनं ऑइल गळतं. गाडी उभी असली की दिवा मिणमिणतो. पुढचा ब्रेक म्हणजे नुसता देखावा. हे सगळं चालेल, तुम्ही विकताना यातलं बरंच सांगितलं होतं.

पण एक खोड सांगितली नाहीत. येरमाळ्याहून तेरखेड्याला जाताना गावाच्या अलीकडं ओढा लागतो ना, तिथं ही बंद पडते. दोनदा गेलो, दोन्ही वेळा तिथंच. वर ढकलत नेली की एका किकमध्ये चालू. हे काय आहे?

तुमचा,
महांतप्पा


हैदराबाद,
२० नोव्हेंबर १९५७

महांतप्पा डॉक्टरसाहेब यांस,

आयुबचा सलाम. पत्र मिळालं, खुशी झाली. मी उर्दूत शिकलो, तुम्हीही उर्दूतच शिकलात. पण आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीत लिहितो. चुका पदरात घ्या.

किकचं सांगतो. हँडलच्या डाव्या बाजूला जी छोटी दांडी आहे, ती किक मारायच्या आधी पूर्ण मागं घ्या. इंजिन चालू झालं की हळूच पुढं करा. ही दांडी विसरलं की गाडी लाथ मारणारच, तिचा कसूर नाही. ऑइल चेनच्या डब्यातनं गळतं, आत जाड कागदाचं नवं पॅकिंग कापून घाला. दिव्याला इलाज नाही, गाडी पळेल तेवढाच तो जळणार. पुढच्या ब्रेकवर भरवसा ठेवू नका. मागचा दाबा आणि गिअर उतरवा, इंजिनच गाडी धरतं. या गाडीची ताकद खालच्या गिअरात आहे. ज्याला घाई आहे त्याची ही गाडी नाही.

ओढ्याचं म्हणाल तर मॅग्नेटो ओला होत असेल. तो खाली बसवलेला आहे, पाण्याचा एक सपका बसला की ठिणगी मरते. त्याला रबराचा तुकडा बांधा. आणि शक्यतो त्या रस्त्यानं जाऊच नका. तेरखेड्याच्या पुढं वाशीला जायचं तर दुसरीकडनं जा, जरा लांब पडेल.

मुलाबाळांना दुआ.

आयुब


कळंब,
८ डिसेंबर १९५७

आयुबभाई,

दांडी मागं घेतली, किक शहाणी झाली. पॅकिंग घातलं, ऑइल थांबलं. तुमच्या हाताला मानलं.

पण ओढ्याचं ऐका. तेरखेड्याला गुरांत घटसर्पाची साथ आली, मला जावंच लागलं. मॅग्नेटोला रबर बांधलं होतं. आणि अहो, ओढ्यात पाणी नव्हतं! टिपूस नव्हता. वाळू तापलेली, सकाळचे अकरा वाजलेले. ठिणगी मरायला पाणी कुठलं आलं? बरोबर मधोमध गेलो आणि इंजिन गेलं. धडधड नाही, फुरफुर नाही, कुणी हात ठेवून थांबवल्यासारखं. आणि लगेच मागच्या गादीची स्प्रिंग करकरली. मागं कुणी बसलं की करकरते ना, तशी. मी वळून बघितलं. मागं कोण असणार! लशीची पेटीसुद्धा मी पुढं टाकीवर बांधली होती.

मी भित्रा नाही. सापाच्या तोंडातली कोंबडी सोडवलेला माणूस आहे. पण त्या वाळूत उभं राहून माझ्या अंगावर काटा आला, तुमच्याशी खोटं कशाला बोलू.

गाडी ढकलत वर नेली. वर लिंबाखाली एक बाई उभी. साठीची असेल, डोक्यावर पदर, बोटांना खळ लागलेली. हातात पाण्याचा तांब्या. तिनं माझ्याकडं आधी बघितलंच नाही. मागच्या गादीकडं बघितलं. मग मला पाणी दिलं आणि म्हणाली, "वड्यात बंद पडली न्हवं? म्या ऐकलं."

गावात विचारलं. कुलसुमबी तिचं नाव. दारूकामाच्या कागदी नळ्या वळते. एकुलता एक मुलगा सादिक, याच फटफटीवर उरूस-जत्रांच्या आतषबाजीच्या ऑर्डरी घेत बार्शी, सोलापूर, नळदुर्गापर्यंत फिरायचा. एकोणपन्नासच्या पावसाळ्यात तो कराचीला निघून गेला म्हणे. जाताना गाडी त्याच्या जिवलग दोस्ताला, कळंबच्या आयुबला देऊन गेला. आणि म्हातारी आता आवाज आला की रस्त्यावर येते.

आयुबभाई, मला राग आला आहे, स्पष्ट लिहितो. आमच्या येरमाळ्याच्या बाजारात बैल विकताना विकणारा चारचौघांत खोड सांगतो. मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका. सांगून विकलेला बैल मेला तरी घेणाऱ्याचा. लपवली आणि पुढं कळली, तर बैल दाव्यासकट परत, आणि विकणाऱ्याला पुन्हा त्या बाजारात कुणी जवळ उभं करत नाही. तुम्ही किक सांगितलीत, ब्रेक सांगितलात. ही गाडी दुसऱ्याच्या आईला रस्त्यावर आणते, ही खोड का नाही सांगितली?

सादिकचा कराचीचा पत्ता पाठवा. मी तिच्या नावानं पत्र लिहितो. आठ वर्षांत पोरानं दोन ओळी लिहू नयेत म्हणजे काय!

महांतप्पा


हैदराबाद,
१६ डिसेंबर १९५७

डॉक्टरसाहेब,

पत्ता माझ्यापाशी नाही.

खोड लपवली, कबूल. गाडी परत घेतो. लातूरच्या स्टेशनवरनं माझ्या नावानं रवाना करा, खर्च माझा. तोवर मागची गादी खोलून ठेवा. दोन बोल्ट आहेत, सहज निघते.

तेरखेड्याला जाऊ नका, हात जोडतो.

कुलसुमखालानं आणखी काय विचारलं? तब्येत कशी आहे? माझं नाव काढलं का? हे मात्र सगळं लिहा.

आयुब


कळंब,
१० जानेवारी १९५८

आयुबभाई,

वाह! पत्ता नाही, पण चौकशी मात्र सगळी पाहिजे. गाडी मी पाठवत नाही. साथ चालू आहे, रोज दहा गावं फिरतो, बैलगाडीनं फिरू का? आणि खोड कळल्याशिवाय मी जनावर परतही करत नाही. आमच्या खात्यातली ही जुनी शिस्त आहे.

मागची गादी काढली. बोल्ट खिशात घेऊन परवा तेरखेड्याला गेलो. ओढ्याच्या मधोमध इंजिन गेलं, आणि स्प्रिंग करकरली. आयुबभाई, गादी घरी होती. खुंटीला टांगलेली. मी मागं वळून बघितलंच नाही. महानंदाला सांगितलं, तर तिनं त्या गादीवर दुसऱ्या दिवशी कापड घालून ठेवलं.

कुलसुमबी लिंबाखाली होतीच. खोकते फार. मला घरी नेलं. आठ बाय दहाची खोली, भिंतीशी नळ्यांचे गठ्ठे. एका कोनाड्यात मरदानी चप्पल, तेल लावून ठेवलेली. मी म्हटलं, मावशी, तुमच्या सादिकला पत्र लिहू का? मला वाटलं होतं, तोंड उजळेल. ती हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. म्हणाली, "सादिकला काय लिवायचं न्हाय, बाबा. ज्यानं तुला गाडी इकली, त्यो कसा हाय? जेवतो का नीट? लगीन झालं?" तुमचीच चौकशी! तुमच्या तोंडून तिची, तिच्या तोंडून तुमची, आणि मधे मी टपालवाला.

दोघंही मला काही सांगत नाहीत. कंटाळलो मी. नव्हे, घाबरलो आहे. रोज किक मारताना वाटतं, मागं कुणी बसलंय त्याला विचारून निघावं. हे असं किती दिवस चालवू? सादिक कुठं आहे ते सांगा.

महांतप्पा


हैदराबाद,
२ फेब्रुवारी १९५८

डॉक्टरसाहेब,

तीन कागद फाडले, हा चौथा आहे.

सादिक कराचीला गेला नाही. कुठंच गेला नाही. तो त्या ओढ्याच्या काठी आहे. मीच त्याला मातीत ठेवला.

एकोणपन्नासचा भादवा होता. दोघं बार्शीहून येत होतो. गाडी मी चालवत होतो, तो मागं बसला होता. मला तिचा फार शौक होता, त्याच्या हातापाया पडून चालवायला घ्यायचो. ओढ्याला पाणी आलेलं. सादिक म्हणाला, थांब, उतरू, पाणी ओसरू दे. मी म्हटलं, अरे ही गाडी आहे का सायकल? पहिल्या गिअरात डोंगर चढते, पाण्याला काय भिते! मला दाखवायचं होतं. घातली पाण्यात. मधोमध मॅग्नेटो भिजला आणि ती गेली.

तो मागनं उतरून ढकलायला लागला. मी हँडल धरलं. पाणी मांडीचं कंबरेला आलं. तो ओरडला, तू सोडू नको, वजनानं ती उभी राहील. खरंच राहिली. मी तिला मिठी मारून उभा होतो. मागं वळलो तेव्हा तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला बाभळीत सापडला. मी एकटाच. ते दिवस तुम्हाला ठाऊक आहेत. सरकार बदलून वर्षच झालं होतं, आमच्यातलं कुणी दिसलं की लोक वेगळ्या नजरेनं बघायचे. ठाण्यात जाऊन सांगायची माझी छाती झाली नाही. वाटलं, मीच बुडवला म्हणतील. आणि ते खोटं होतं का? शेजारच्या शेतातलं खोरं घेतलं. माझी लुंगी त्याचं कफन. जनाज्याची नमाज एकट्यानं पढलो, ती झाली की नाही अल्ला जाणे.

मग गाडी ढकलत कुलसुमखालाच्या दारात आलो. माझी आई मी चार वर्षांचा असताना वारली. त्यानंतर भाकरी हिच्याच हातची खाल्ली. तिनं विचारलं, सादिक कुठंय? गावातनं तेव्हा रोज एकदोघं कराचीला जात होते. तोंडातनं निघून गेलं, खाला, तो कराचीला गेला. एकदा निघालं ते परत घेता आलं नाही. त्यानंतर मी तेरखेड्यात पाऊल टाकलं नाही. गाडी आठ वर्षं दुकानात ताडपत्रीखाली ठेवली. विकवत नव्हती, चालवता येत नव्हती. हैदराबादला येताना वाटलं, तुम्ही भले माणूस, तिला वापरात ठेवाल.

स्प्रिंगचं तुम्ही लिहिलंत. दुकानात ताडपत्रीखालनं मीही ऐकली आहे. म्हणून विकली. हे विकताना सांगायला पाहिजे होतं.

आता ऐका. तिला सांगू नका. जागाही मी लिहीत नाही, कारण लिहिली तर तुमच्या पोटात राहणार नाही. तिच्या मनात पोरगा कराचीत कामावर जातोय, पोरंबाळं झाली असतील. एवढं तरी तिच्यापाशी राहू द्या. माझ्यावर थुंका, पण तिला सांगू नका.

आयुब


कळंब,
२५ फेब्रुवारी १९५८

आयुबभाई,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. मग ठरवलं, तुमचं ऐकायचं. म्हातारीला काही बोलायचं नाही. पत्र खिशात घालून तेरखेड्याला गेलो, कारण टोचलेली गुरं पुन्हा बघायची होती.

ओढ्यात गाडी बंद पडली. या वेळी मी ढकलली नाही. वाळूत उतरलो आणि मोठ्यानं म्हटलं, "सादिकमियाँ, सलाम." लाज वाटली नाही. चार माणसं असती तरी म्हटलं असतं.

वर बघतो तर कुलसुमबी काठावर आलेली. तिनं माझं बोलणं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "आयुबचं पत्र आलं." विचारलं नाही, सांगितलं. मी मान हलवली. तुमचं म्हणणं मोडलं नाही, मी एक अक्षर बोललो नाही. पण मी गुरांचा डॉक्टर, मला तोंडावरचं झाकता येत नाही.

ती तिथंच वाळूत बसली. रडली नाही. म्हणाली, "कागद हाय? लिव." लशीच्या नोंदवहीचं पान फाडून, टाकीवर ठेवून तिनं सांगितलं तसं लिहिलं आहे. माझा त्यात एकही शब्द नाही. सोबत पाठवतो.

महांतप्पा


आयुब बेटा,

तुझ्या खालाची दुवा.

तू जेवतोस का न्हाय त्ये डॉक्टरला ठावं न्हाय. त्यानं नीट सांगितलं न्हाय. तू लिव.

तू त्या दिशी दारात गाडी ढकलत आलास तवाच म्या वळखलं. कराचीला जाणारं पोरगं नवी चप्पल कोनाड्यात ठिवून जात न्हाय. आईच्या गळ्यात पडल्याबिगर जात न्हाय. आन तुझ्या नखांत माती व्हती. म्या त्याच घडीला समजून गेले, माझा सादिक गेला.

मग बोलले का न्हाय? तू बी पोरच व्हतास. तुझं तोंड बघून मला भ्या वाटलं. म्हनलं, म्या आता आरडले तर ह्यो सरळ हिरीत जाऊन पडंल. एक गेला, दुसरा कशाला घालवू? तू म्हनलास कराची, म्या म्हनलं बरं. लोकास्नी बी त्येच सांगितलं. आज सांगावा येईल, उद्या येईल, पोरगं सोताहून येऊन सांगंल, म्हून थांबले. दोनदा बाजाराच्या दिशी कळंबला आले. तुझ्या दुकानाम्होरं हुबी ऱ्हायले. तू मला बघून मागल्या दारानं गेलास.

औंदा फटफटीचा आवाज आला तवा पळत रस्त्यावर गेले. डॉक्टरला वाटतं, म्या सादिकची वाट बघते. न्हाय रे. मेलेल्याची वाट कोन बघतंय? म्या म्हनलं, आयुब आला.

कसा गेला त्ये तुला सांगायचं आसंल तर सांग, न्हायतर ऱ्हाऊ दे. कुनाच्या चुकीनं गेला त्ये म्या इचारनार न्हाय. त्याची चूक, तुझी चूक, पाण्याची चूक. तुमी दोघं बी माझ्याच हातची भाकर खाऊन वाढला.

पर एक सांगते, बेटा, त्ये नीट ऐक. फातिहा मेलेल्याच्या नावानं देत्यात, जित्या मानसाची देता येत न्हाय. तू त्याला कराचीत जिता ठिवलास, म्या तुझ्यापायी जिता ठिवला. आठ वरसं झाली, माझ्या पोराच्या नावानं कुनी दुव्याला हात वर केले न्हाईत. म्या बी न्हाय. शेजारीन इचारंल, का गं, सादिकचं काय झालं, ह्या भ्यानं म्या घरात दार लावून बी न्हाय केले. एवढी एकच गोष्ट मला सलते.

फुडल्या गुरुवारी शबेबरात हाय, मेलेल्यांसाठी दुवा मागायची रात. सगळा गाव कबरस्तानात जातो. बाया घरून फुलं धाडत्यात. म्या आठ वरसं फुलं घेतली आन घरातच वाळवली, कारन कुटं धाडायची त्ये मला ठावं न्हाय.

तू ये. मला जागा दाखव.

कुलसुमबी
(निशाणी अंगठा)